गोफणीचा हात

माझ्या सासूबाई बढाईखोर आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, आणि त्या "व्हय, हाये मी" असं म्हणून पुढची बढाई सुरू करतात. त्यामुळे सून पाठीमागे काहीबाही लिहितेय असं कुणी समजू नये. उलट मला त्यांचा इतका अभिमान आहे, की त्यांची बढाई थोडी कमी पडली तर मी माझी घालते.

त्यांचं नाव गिरिजाबाई. वय विचाराल तर कधी पासष्ट सांगतात, कधी पंचाहत्तर, समोर कोण बसलंय ते बघून. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मी भावना, त्यांची थोरली सून. आमच्या गावातल्याच, वडीगोद्रीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझे यजमान भारत एसटीत ड्रायव्हर आहेत, धाकटे दीर नागसेन पुण्यात नोकरीला आणि घरात आमची सातवीतली दीपमाला. एवढा आमचा गोतावळा.

आता आमच्या शिवारात जिकडं बघाल तिकडं ऊस, मोसंबी नाहीतर कापूस. आत्याबाई लग्न होऊन इथं आल्या तेव्हा ज्वारी होती. कणसं भरली की पाखरांचे थवे उतरायचे, आणि त्यांना हाकलायला रानात लाकडी माळा बांधून त्यावर राखणदार उभा करायचे. पुंजाराममालकांच्या रानात ही राखण आत्याबाईंकडे होती. हातात गोफण, ओच्यात दगड आणि घशात आवाज. "नजर जिथं, दगड तिथं," असं त्या आजही सांगतात. मजुरी मालकीणबाईंच्या, म्हणजे उषाबाईंच्या हातून मिळायची, पण वरून पदरात टाकलेली. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हाताला हात लागू नये अशी तेव्हाची रीत. आत्याबाई हे रागानं सांगत नाहीत, पण विसरतही नाहीत.

त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट बैलाची. मालकांचं नुकतंच लग्न झालं होतं. नवी नवरी उषाबाई हुरड्यासाठी कणसं खुडायला एकट्याच बांधावर आल्या आणि गावात मोकाट फिरणारा एक बैल त्यांच्या अंगावर चालून आला. उषाबाई पळताना लुगड्यात पाय अडकून पडल्या. आत्याबाई माळ्यावरून ओरडल्या, "बसा खालीऽ, हलू नका!" आणि गोफण फिरवून दगड असा सोडला की थेट शिंगाच्या बुडाला बसला. बैल वळला आणि ओढ्याकडं पळत सुटला. तेवढ्यात मालक काठी घेऊन धावत आले. आजूबाजूच्या रानातल्या माणसांना दिसलं ते एवढंच, की पुढं बैल पळतोय आणि मागं काठी उगारलेले मालक. संध्याकाळपर्यंत गावात झालं, पुंजाराममालकांनी बैल परतवला. मुद्दाम खोटं कुणीच बोललं नाही, पण ते नाव कायमचं मालकांचं झालं. आता मालक नाहीत, तरी गोष्ट तशीच चालू आहे.

मागच्या वर्षी दीपमालाच्या वर्गात मालकांच्या नातीनं हीच गोष्ट आजोबांच्या नावानं सांगितली. आमची पोरगी भांडून, रडून घरी आली.

"आजी, खरं कुणाचं?"

"माझं," आत्याबाई म्हणाल्या.

"कुणी बघितलं?"

"उषाबाईनं. तिच्याबिगर कोण व्हतं तिथं?"

"मग त्या का नाही सांगत?"

आत्याबाईंजवळ प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं असतात. या वेळी मात्र त्या सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसल्या. रात्री भाकरी थापताना मी म्हटलं, जाऊन एकदा विचारायचं ना त्यांना, घर काय लांब आहे? तर म्हणाल्या, "मागाया गेलं की भाकर भेटती, भावना. खरं कुणाच्या दारात मागाया जाऊ न्हाई. ते ज्याचं त्यानं आनून द्यावं." पन्नासाच्या वर वर्षं त्या वाट बघत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. आणि उषाबाईंचं वय बघता वाट बघायला आता फार जागा उरली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नागसेन भाऊजी आले ते एक खोकं घेऊन. पुण्यातल्या कुण्या मित्रानं वापरलेला व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा, हातात रिमोटसारखी पांढरी दांडी धरायची आणि हात हलवायचा. आपला हात हलला की पडद्यावरच्या बाहुल्याचा हात हलतो. टेनिस खेळा, बॉक्सिंग खेळा, नाहीतर लाकडी पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडून टोकाला उभ्या केलेल्या दहा बाटल्या पाडा.

खरं सांगते, मला मोबाइलवरचे खेळ आवडत नाहीत. दीपमालाचे अंगठे त्यावर असे पळतात, की आपल्याला काय चाललंय ते कळेपर्यंत आपण मेलेले असतो. वर पोरं आपल्याकडं दया आल्यासारखं बघतात. या खेळाला मात्र कुणालाच काही शिकवावं लागलं नाही. आयुष्यभर स्टिअरिंग धरून बसलेले आमचे यजमान टेनिस खेळायला उठले, आणि दुसऱ्याच फटक्यात त्यांनी वरची ट्यूबलाइट फोडली. "लाइट फुटली तर फुटू द्या, पॉइंट कुणाचा ते सांगा!" म्हणून ते ओरडत होते. इतकं हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. खेळणाऱ्याहून बघणाऱ्याला जास्त मजा. शेजारच्या द्वारकाबाई तर ताक घुसळायचं सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माय, तू ये," भाऊजी म्हणाले. "ह्या बाटल्या पाडायच्या. यात शिकायचं काहीच न्हाई. हे खालचं बटण दाबून धर, हात फिरव आन बटण सोड. बस."

"मारायचंच हाय ना? मंग मला काय सांगतो!" आत्याबाईंनी पदर खोचला. दांडीला मनगटात अडकवायची एक दोरी होती, ती बांगड्यांत गुंतत होती म्हणून त्यांनी काढून टाकली. पाय रोवला. हात डोक्याभोवती एकदा गर्रकन फिरवला आणि सोडला.

सोडला म्हणजे सोडलाच. गोफणीचा हात तो, शेवटी सोडायचंच असतं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. दांडी दारातून, द्वारकाबाईंच्या कानाजवळून, ओट्यावरून गेली आणि त्यांच्याच म्हशीच्या हौदात पडली. म्हशीनं मान वर करून आमच्याकडं बघितलं. "अगं बया, मला मारून राह्यली का गं गिरजे तू!" द्वारकाबाई किंचाळल्या.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आत्याबाईही हसल्या असत्या, पण दीपमाला बोलून गेली, "आजी, बैलाला पण असंच मारलं होतं का?"

पोरीच्या मनात वाईट नव्हतं, पण बोल वर्मी लागला. आत्याबाई कोपऱ्यातल्या बाजेवर जाऊन बसल्या आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत म्हणाल्या, "हात गेला माझा." भाऊजींनी दांडी हौदातून काढली, पुसली, सेल काढले आणि ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवली. मोबाइल भिजला की आम्ही असंच करतो. सुट्टी संपल्यावर ते खोकं इथंच ठेवून गेले. चाललं तर खेळा म्हणाले.

त्यानंतर आत्याबाई बैलाची गोष्ट सांगेनाशा झाल्या. कुणी पाहुणा आला तरी नाही. आधी मीच त्या गोष्टीला कंटाळायची, आता घर कसंनुसं वाटू लागलं. मला दीपमालाचा राग आला, भाऊजींच्या खोक्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या उषाबाईंचा आला. एक वाक्य बोलायला माणसाला किती वर्षं लागावीत?

एका शनिवारी सकाळची शाळा करून मी दुपारी घरी आले, तर आतून टीव्हीचा आवाज. बघते तर आत्याबाई एकट्याच पडद्यासमोर उभ्या. दांडीच्या फटीत ज्वारीचा एक दाणा अजून अडकलेला.

"टीव्हीला जोडायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"नाग्या जोडत व्हता तवा मी डोळे मिटून बसल्ते का?" त्या म्हणाल्या. "हिकडं ये. हे बघ. गोफणीला दोन दोऱ्या असत्यात. एकीचा फास बोटात ऱ्हातो, ती सोडायची न्हाई. दुसरी चिमटीत धरायची, आन येळ आली की तीच फकस्त सोडायची. मी त्या दिशी दोनी सोडल्या." त्यांनी दांडीची दोरी बांगड्यांच्या वर सरकवून मनगटात घट्ट बसवली. "ही फासाची दोरी. आन हे बटण म्हंजे चिमटीतली. आता कळलं."

"पण डोक्यावरून फिरवून चेंडू जाईल का सरळ?"

"डोक्यावरून लांबच्याला मारत्यात. पाखरू जवळ असलं की मांडीलगतनं." असं म्हणून त्यांनी हात मांडीजवळून मागं नेला, पुढं आणला आणि बटणावरचं बोट उचललं. चेंडू सरळ गेला आणि सगळ्या बाटल्या आडव्या झाल्या. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवू लागले. आत्याबाईंनी वळून माझ्याकडं बघितलं. गेलेला हात परत आला होता आणि त्याच्याबरोबर त्यांची मान जी ताठ झाली, ती मी डोळ्यांत पाणी येऊन बघत राहिले.

संध्याकाळी दीपमाला त्यांच्याशी खेळली आणि सपाटून हरली. पुढचे काही दिवस रोज हरली. मग द्वारकाबाई येऊ लागल्या, त्यांच्यामागून वस्तीतलीच बेबीनंदा आली, आणि दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरेना. एवढं होऊनही दीपमाला एकदा म्हणाली, "आजी, तू लय भारी खेळतेस. पण गेम वेगळा आणि बैल वेगळा." मी मास्तरीण, तिचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना. आत्याबाई म्हणाल्या, "बराबर हाय तिचं," आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी शाळेत आया आणि आज्यांचा मेळावा असतो. दरवर्षी तीच संगीत खुर्ची आणि तोच लिंबू-चमचा. या वेळी मी म्हटलं, शाळेत मोठा टीव्ही आहे, आमचं खोकं आणते. प्रमुख पाहुण्या कोण, तर उषाबाई. हे काही मी ठरवलं नव्हतं. घरी सांगितलं तर आत्याबाई नुसतं "येऊ दे की" म्हणाल्या आणि त्यांनी पेटीतलं निळ्या काठाचं पांढरं लुगडं काढलं.

शाळेत दोन्हीकडच्या बाया आल्या होत्या, आमच्या वस्तीतल्या आणि गावातल्या. उषाबाई हातात काठी घेऊन सुनेच्या आधारानं आल्या. पाहुण्यांची ओळख करून द्यायला त्यांची ही सूनच, शालू, उभी राहिली. चांगली बोलते ती. बोलता बोलता म्हणाली, "आणि ज्या पुंजारामदादांनी मोकाट बैल काठीनं परतवून आमच्या सासूबाईंचा जीव वाचवला, त्यांच्या या पत्नी." टाळ्या पडल्या. आत्याबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला आणि समोर बघत राहिल्या. दीपमाला आजीकडं बघत होती, मी उषाबाईंकडं. उषाबाई जमिनीकडं बघत होत्या. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण खरं मागू नये म्हणणारी बाई समोर बसलेली. मी दात आवळून टीव्ही लावला.

मग जी धमाल झाली ती विचारू नका. जन्मात कधी काही न खेळलेल्या बाया रांग लावून उभ्या. ज्या बाईचा हात ज्या कामात गेला, तेच काम पडद्यासमोर उभं राहिलं. बेबीनंदानं आडातून पाणी ओढल्यासारखा हात मारला. द्वारकाबाईंनी धुणं आपटल्यासारखा आपटला आणि त्यांचाच चेंडू सगळ्यात जोरात गेला. एकीनं चक्क सडा शिंपला. गावातली कोण आणि वस्तीतली कोण हे खेळ बघणाऱ्याला ओळखता आलं नसतं, सगळ्याच जणी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या.

शेवटी पाहुण्यांनी एक चेंडू टाकावा असा आग्रह झाला. उषाबाईंनी काठी शालूकडं दिली आणि दांडी घेतली. पहिला चेंडू पडद्यावरच्या पट्टीलगतच्या नाल्यात गेला. दुसराही गेला. बायांनी मानाच्या टाळ्या वाजवल्या. तिसराही गेला, तेव्हा दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "सोडायला जल्दी करून राह्यल्या तुमी."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. आत्याबाईंचं तोंड त्यांना आवरत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

उषाबाई वळल्या. "मंग तिथं बसून काय सांगती गिरजे? ये, दाखव."

आत्याबाई उठून गेल्या. आता ह्या स्वतः चेंडू टाकून दाखवणार, असं मला वाटलं. त्या उषाबाईंच्या मागं उभ्या राहिल्या, दांडीची दोरी त्यांच्या मनगटात सरकवली आणि आपल्या हातानं त्यांचा हात धरला. पदरात वरून मजुरी टाकणारा तो हात. "मागं घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "आजून. भ्यू नका, मी धरलंय. आता पुढं आना... सोडाऽ!"

चेंडू गेला आणि सगळ्या बाटल्या पडल्या. बाया ओरडल्या, टाळ्यांनी खोली दणाणली. आत्याबाई हात सोडू लागल्या, पण उषाबाईंनी सोडला नाही. त्यांचे डोळे भरले होते. तसाच हात धरून त्यांनी शालूला माइक जवळ आणायला लावला.

"शालू, तू मघाशी बोलली ते तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बांधावर पडल्ते. माळ्यावरनं ही वरडली, बसा खाली, हलू नका. आत्ता वरडली ना, तस्शीच. आन दगड आला. बैल ह्या हातानं फिरवला. मालक आल्ते, पन मागून आल्ते." मग थोडं थांबल्या. "नवी नवरी व्हते मी. गावात मालकांचं नाव झालं, ते कसं मोडू? मालक गेल्यावर वाटलं, आता काय सांगायचं. आसं करत करत ऱ्हाऊन गेलं. पन जीव मातुर हिचं देनं हाय मला. हे समद्यांनी ऐका."

मी रडले. शाळेतल्या सगळ्या बायांसमोर नाक ओढून रडले, आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नाही. शालूनं माइक टेबलावर ठेवला आणि वाकून आत्याबाईंच्या पाया पडली. ज्यांनी पन्नास वर्षं ह्याच गोष्टीची बढाई मारली, त्या आत्याबाई आता नुसत्या हसत उभ्या होत्या, दोन्ही हात उषाबाईंच्या हातांत.

परत येताना दीपमालानं खोकं डोक्यावर घेतलं होतं आणि ती आजीला चिकटून चालत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "जय भीम, माझ्या आजीनं बैल परतवला होता!" म्हणून सांगत होती. हायवे ओलांडून आम्ही वस्तीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा तिनं विचारलं, "आजी, एकाच दगडात कसा काय बसला गं नेम?"

आत्याबाई चालता चालता थांबल्या.

"दोन मारल्ते," त्या म्हणाल्या. "पयला चुकल्ता."

मी बघतच राहिले. लग्न होऊन आल्यापासून ही गोष्ट मी ऐकतेय, दुसरा दगड तीत कधीच नव्हता.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" दीपमाला म्हणाली.

"आगं, लागलेल्या दगडावर कुनाचा इस्वास नव्हता," आत्याबाई म्हणाल्या, "तवा चुकलेला कुनाला सांगू?"